हेडफोनच्या भोकातून आवाज भरताना कुठला नळ किती सोडायचा

गेल्या श्रावणात आमच्या बोळातल्या अक्का एक जुना डेस्कटॉप रिक्षात घालून दुकानावर घेऊन आल्या. वरून टॉवेल गुंडाळलेला, जणू बाळंतिणीचं बाळच. आत त्यांच्या वडिलांचं भजन होतं. सोलापुरात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो, त्याच्या आदल्या रात्री घरी गायलेलं, तेलुगूत, ४७ मिनिटांचं. वडील जाऊन १२ वर्षं झाली. भजन ज्या प्रोग्रॅममध्ये भरलं होतं त्याची फाइल दुसऱ्या कशातच उघडत नव्हती, आणि तो प्रोग्रॅम फक्त त्या एका डब्यावर चालत होता. डबाही किती दिवस चालेल त्याचा भरवसा नव्हता. मग एकच वाट उरते: डब्यावर भजन लावायचं आणि हेडफोनच्या भोकातून बाहेर पडणारा आवाज दुसऱ्या कॉम्प्युटरवर भरून घ्यायचा.

त्यांच्या भाच्यानं आधी तीनदा हात मारून बघितला होता. पहिल्यांदा मोबाइल स्पीकरपुढे धरला. भजनामागे यंत्रमाग. पूर्व भागात घर म्हटल्यावर माग भिंतीपलीकडेच असतो, त्याला कोण काय करणार. दुसऱ्यांदा वायर आणली आणि डब्याच्या हेडफोनच्या भोकातून आपल्या लॅपटॉपला जोडली. तरी भजनामागे यंत्रमाग! तिसऱ्यांदा माग गेला, पण वडिलांचा आवाज असा फाटला की अक्का म्हणाल्या, "आमचे बाबा जन्मात एवढं ओरडले नाहीत वो, अण्णा."

भाचा हुशार आहे, नाही असं नाही. पण त्याच्या तीन चुका म्हणजे या कामातल्या नेमक्या तीन चुका आहेत. अक्कांचं काम झाल्यावर चार जणांना तेच तोंडी सांगितलं, आता एकदाच लिहून ठेवतो.

माझं स्वतःचं सांगायचं तर नव्वदच्या दशकात नव्या पेठेत मी कॅसेटी भरून द्यायचो. साठ मिनिटांची, नव्वद मिनिटांची, गाण्यांची यादी गिऱ्हाइकानं वहीच्या पानावर लिहून आणायची. त्या धंद्याच्या कायद्याबद्दल आज बोलायला नको. पण आवाजाची पातळी म्हणजे काय हे तिथंच शिकलो, आणि तिथं शिकलेलं अर्धं आता विसरावं लागलं, ते पुढे येईलच.

आधी वायर लागते का ते बघा

आवाज ज्या कॉम्प्युटरवर वाजतोय त्याच कॉम्प्युटरवर भरायचा असेल तर वायरच्या नादाला लागूच नका. ऑडॅसिटी नावाचं आवाज भरायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात ऑडिओ सेटअपमध्ये होस्ट म्हणून 'विंडोज वासापी' निवडायचं आणि रेकॉर्डिंग डिव्हाइसमध्ये ज्या नावापुढे 'लूपबॅक' लिहिलंय ते घ्यायचं. आवाज आतल्या आत भरला जातो, वाटेत ना भोक ना वायर. इथं दोन गोष्टी लक्षात असू द्या. काहीच वाजत नसेल तर रेकॉर्डिंग पुढे सरकत नाही, तेव्हा ते बिघडलं म्हणून घाबरू नका. आणि ऑडॅसिटीची रेकॉर्डिंगची पट्टी इथं कामाची नाही, पातळी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममधूनच ठरवायची. जुन्या मशीनवर 'स्टिरिओ मिक्स' नावाचं डिव्हाइस असतं, बऱ्याचदा लपवलेलं. विंडोजच्या साउंड खिडकीतल्या (ती कशी उघडायची ते पुढे येतं) रेकॉर्डिंगच्या यादीत मोकळ्या जागी उजवी क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हाइसेस' केलं की दिसतं.

अक्कांच्या डब्यावर यातलं काहीच बसेना. नवीन काही टाकायला गेलं की निळी स्क्रीन. म्हणून वायर.

भोकं आणि वायर

दोन्ही टोकांना ३.५ मिलिमीटरची पिन असलेली स्टिरिओ वायर घ्या. पिनेवर दोन काळे पट्टे असले की ती स्टिरिओ, तीन असले की ती माइकवाल्या हेडफोनची. आपल्याला दोन पट्ट्यांची हवी.

डेस्कटॉपच्या मागे बहुधा तीन भोकं असतात. हिरवं बाहेर जाणाऱ्या आवाजाचं, गुलाबी माइकचं, निळं लाइन-इनचं, म्हणजे दुसऱ्या यंत्रातून आत येणाऱ्या आवाजाचं. भरून घेणारा कॉम्प्युटर डेस्कटॉप असेल तर डोळे झाकून निळ्यात घाला आणि पुढची अर्धी डोकेदुखी विसरा. लाइन-इनला तिसरा हिस्सा व्होल्टच्या आसपासचा आवाज अपेक्षित असतो. माइकच्या भोकाला मात्र काही मिलिव्होल्टच, कारण माइकमधून येतंच तेवढं. आणि हेडफोनचं भोक पूर्ण सोडलं तर एक व्होल्टपर्यंतही देऊ शकतं. म्हणजे चमच्यानं दूध पिणाऱ्याच्या तोंडात तुम्ही बादली ओतताय. भाच्याच्या तिसऱ्या प्रयत्नात नेमकं हेच झालं होतं.

लॅपटॉपला निळं भोक बहुधा नसतंच. एकच भोक असतं, त्यातच हेडफोन आणि त्यातच माइक. त्याला वाय आकाराचा जोड लागतो, ज्याची एक शेपटी हेडफोनची आणि एक माइकची. वायर माइकच्या शेपटीत. तरी कधी कधी लॅपटॉप ओळखतच नाही की काही जोडलंय, कारण तो खऱ्या माइकची वाट बघत असतो. आणि ओळखलं तरी ते भोक मोनो असतं, डावं-उजवं वेगळं येत नाही. एकट्या माणसाच्या भजनाला मोनो चालतं. बँडच्या वाद्यवृंदाला नाही चालत.

मी दुकानात यूएसबीचं साउंड कार्ड वापरतो. काही शे रुपयांत हिरव्या-गुलाबी भोकांची जी बोटाएवढी काडी मिळते तीही मोनोच, शिवाय तिचं गुलाबी भोक माइकचंच. खरं लाइन-इन हवं असेल तर लाल-पांढऱ्या आरसीए भोकांचं घ्या. माझ्याकडे बेहरिंगरचं यूसीए२०२ आहे. त्याच्या अंगावर आत येणाऱ्या आवाजाची चकतीच नाही. जी चकती आहे ती आपल्या कानातल्या हेडफोनची. एक गिऱ्हाईक तीच चकती अर्धा तास फिरवत बसलं होतं आणि "रेकॉर्डिंग मोठं होईना" म्हणत होतं. कानाला मोठं ऐकू येणं आणि मोठं भरलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एवढं कळलं तरी पुष्कळ.

माग ऐकू येतो का?

आता भाच्याची दुसरी चूक. वायर जोडली तरी माग कसा आला? लॅपटॉप वायरीतून नव्हे, स्वतःच्या झाकणातल्या माइकमधून भरत होता म्हणून. वायर नुसतीच लटकत होती.

हे ओळखायला काही कळावं लागत नाही. रेकॉर्डिंगची पातळी दाखवणारी पट्टी चालू करा, भजन बंद ठेवा, आणि लॅपटॉपच्या झाकणावर नखानं टकटक करा. पट्टी हलली तर चुकीचा माइक चालू आहे. आमच्या पूर्व भागात टकटक करायचीही गरज नाही. मागाच्या प्रत्येक खटक्याला पट्टी उडी मारते.

दुरुस्ती अशी. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एम एम एस वाय एस, मग टिंब, मग सी पी एल असं सलग टाइप करून एंटर मारा. जुनी साउंडची खिडकी उघडते. नव्या सेटिंगपेक्षा ही मला बरी वाटते, सगळं एका जागी असतं. 'रेकॉर्डिंग' टॅबमध्ये वायर ज्या भोकात आहे ते डिव्हाइस डिफॉल्ट करा, झाकणातला माइक उजव्या क्लिकनं डिसेबल करा. ऑडॅसिटीतही तेच डिव्हाइस निवडलंय ना ते बघा, कारण ते आपली निवड वेगळी लक्षात ठेवतं.

इथं आलोच आहोत तर याच खिडकीतली तीन भुतं पण काढून टाका. भरून घेणाऱ्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लिसन' टॅबवरची खूण काढा, नाहीतर आवाज घरी परत येऊन दुप्पट होतो. 'एन्हान्समेंट्स' असतील तर दोन्ही कॉम्प्युटरवर सगळ्या बंद. बास बूस्ट नि लाउडनेस असली मंडळी तुमच्या नकळत पातळी वरखाली करतात. आणि 'कम्युनिकेशन्स' टॅबमध्ये 'डू नथिंग' करा. तिथं बऱ्याचदा ८० टक्के आवाज कमी करायची सोय चालू असते. म्हणजे मध्येच कुणाचा इंटरनेटवरून फोन आला की भजन आपोआप खाली. एका गिऱ्हाइकाच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन मिनिटं आवाज बुडाला आणि परत वर आला, त्याचं कारण हे होतं. तो बिचारा वायर बदलत बसला होता.

नळ, कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह आणि मोटार

आता मुख्य काम, पातळी. हे मी पाण्यावरूनच सांगतो, कारण चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावाला दुसरं काही समजावायची गरज नसते.

पाणी तुमच्या बादलीत पडेपर्यंत वाटेत किती जागी अडतं? गल्लीच्या तोंडाला व्हॉल्व्ह, मग आपल्या घराचा नळ, आणि पाणी कमी दाबानं आलं की लोक लावतात ती मोटार. आवाजाचंही तसंच. वाजवणाऱ्या प्रोग्रॅमची पट्टी हा पहिला व्हॉल्व्ह. त्या कॉम्प्युटरचा मुख्य आवाज हा दुसरा. मग वायर. मग भरून घेणाऱ्या कॉम्प्युटरच्या 'लेव्हल्स'मधली माइकची पट्टी, हा आपला नळ. आणि तिच्याखाली 'मायक्रोफोन बूस्ट' म्हणून असते ती मोटार.

मोटार काय करते तुम्हाला माहीत आहे. पाइपात पाणी नसताना लावली तर गाळ ओढते, हवा ओढते. बूस्टही तेच करतो. १०, २०, ३० डेसिबल अशा त्याच्या पायऱ्या असतात. २० म्हणजे दहापट, ३० म्हणजे तीसपटीहून जरा जास्त. आवाज दहापट, आणि मागची सूंऽऽ पण दहापट. खऱ्या माइकला बूस्ट लागतो. हेडफोनच्या भोकातून आधीच भरपूर पाणी येतंय, तिथं मोटारीचं काम नाही. म्हणून पहिली गोष्ट: बूस्ट शून्यावर.

दुसरी गोष्ट, वाजवणारा कॉम्प्युटर. प्रोग्रॅमची पट्टी १०० वर ठेवा, त्याच्या पुढे नाही. व्हीएलसी नावाच्या प्लेअरची पट्टी शंभरीच्या पुढेही जाते. तिथं आवाज फाइलमधून निघतानाच फाटू शकतो आणि पुढे कुणीही तो शिवू शकत नाही. इक्वलायझर बंद. मग मुख्य आवाज ७० च्या आसपास. काही मशीनच्या हेडफोनच्या भोकाला अगदी १०० वर घरघर येते, काहींना येत नाही. ७० ला सुरुवात केली की दोन्हीकडे वाव राहतो.

मग भरून घेणाऱ्या बाजूची पट्टी. ती २० वर ठेवून सुरुवात करा आणि रेकॉर्ड न करता नुसती पातळी बघा. ऑडॅसिटीत मीटरपाशीच मॉनिटरिंग चालू करता येतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. भजनाची सुरुवात लावून पातळी ठरवू नका! सुरुवातीला माणूस घसा साफ करतो, पेटीवाला सूर धरतो, कुणीतरी "बसा, बसा" म्हणतो. त्यावर पट्टी जुळवली की शेवटच्या जयघोषाला सगळं फुटतं. सबंध रेकॉर्डिंगमधला सगळ्यात मोठा तुकडा शोधा आणि तो लावा. अक्कांना विचारलं तर क्षणात म्हणाल्या, "आरतीनंतर सगळे झांजा वाजवून मार्कंडेयांचा जयघोष करतात, तिथं." ज्याचं रेकॉर्डिंग असतं त्याला ते पाठ असतं. त्यालाच विचारावं.

त्या तुकड्यावर मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास टेकला की थांबा. उणे ६ म्हणजे छताच्या अर्ध्या उंचीला. इथंच माझं कॅसेटचं शिक्षण आड येतं. डेकवर दोन सुया असायच्या, आणि चांगला भरणारा तो की ज्याची सुई शून्याच्या पुढे लालात हलकेच जाऊन यायची. टेप ते सोसून घ्यायची, उलट आवाजाला जरा भरीवपणा यायचा. सुई खाली राहिली तर टेपची सरसर ऐकू यायची आणि गिऱ्हाईक कॅसेट परत आणून द्यायचं. कॉम्प्युटरमध्ये शून्य म्हणजे भिंत. शून्याच्या वर काही नसतंच. जे वर जायला बघतं ते सपाट कापलं जातं. माझी पहिली वर्षभराची डिजिटल कामं मी जुन्या सवयीनं शून्याला टेकवून भरली, ती आता ऐकवत नाहीत.

मग फार खाली ठेवलं तर? तेही नको, पण त्याची भीती कमी बाळगा. १६ बिटमध्ये, म्हणजे आवाजाचं प्रत्येक माप १६ शून्य-एकांत लिहिताना, वरपासून खालपर्यंत सुमारे ९६ डेसिबल जागा असते, दर ६ डेसिबलला एक बिट जातो. उणे ६ ला भरलं तर एक बिट गेला, कुणालाही कळत नाही. उणे ३६ ला भरलं तर सहा गेले, उरले दहा, आणि नंतर मोठं करताना सूंऽऽ पण मोठी होते. म्हणून उणे १२ ते उणे ६ या पट्ट्यात जयघोष बसला की पुरे. वडिलांचा एकट्याचा आवाज मग उणे १८ च्या आसपास येतो. तो स्क्रीनवर बारीक दिसतो. दिसू दे.

पट्टी २० वरही मीटर लाल होत असेल तर नळ आणखी बंद करू नका, मागे व्हॉल्व्हकडे जा. वाजवणाऱ्या कॉम्प्युटरचा आवाज ७० वरून ५० वर, ३० वर आणा. उलट पट्टी १०० वर आणि मुख्य आवाज ९० वर नेऊनही मीटर उणे २० च्या वर येत नसेल तरच बूस्ट १० करा. त्याच्या पुढे मला हेडफोनच्या भोकासाठी कधी जावं लागलं नाही. लागलं तर आधी वायर बघा, पिन अर्धवट बसली असेल.

फाटलेला आवाज ओळखायचा कसा

भाचा म्हणत होता, "काका, मीटर लाल झालाच नाही, मग आवाज फाटला कसा?" बरोबर प्रश्न. त्याची फाइल मी उघडली आणि आडवी ताणत ताणत एका सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत मोठी केली. चांगली लाट डोंगरासारखी असते, वर गोल. याच्या लाटांची डोकी कापलेली. चाकूनं भाकरीची कड कापावी तशी सरळ रेघ. आणि गंमत म्हणजे ही रेघ छताला नव्हती, बरीच खाली होती, उणे ९ च्या जवळ. वरच्या सगळ्या लाटा त्याच उंचीला येऊन थांबलेल्या.

म्हणजे काय झालं होतं? त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, मोटार चालू, आणि मग मीटर लाल झाल्यावर त्यानं फक्त शेवटचा नळ बारीक केला. पण आवाज नळाच्या आधीच, माइकच्या भोकाच्या दारात फाटला होता. नळानं फाटलेलाच आवाज लहान करून दिला. मीटर हिरवा, आवाज फाटका.

त्यामुळे मीटरवर कधी एकट्यानं विश्वास ठेवू नका. मोठा तुकडा दहा सेकंद भरा, ताणून बघा. डोकी गोल आहेत का? छताला लागलेली कापणी ऑडॅसिटी लाल रेघांनी दाखवतं, व्ह्यू मेन्यूमध्ये 'शो क्लिपिंग' आहे. पण भाच्यासारखी मधल्या उंचीची कापणी ते दाखवत नाही. तिथं आपलेच डोळे.

माइकचं भोक फारच नाजूक निघालं आणि मुख्य आवाज १०-१५ वर आणावा लागला तर मग दुसरी पंचाईत. एवढ्या खाली पट्टीचा एक टप्पा म्हणजे मोठी उडी असते, आणि डब्याच्या आतली चिरचिर आवाजाच्या बरोबरीला येते. अशा वेळी वायरीतच आवाज कमी करणं चांगलं. सोल्डर धरता येत असेल तर दोन रोध (रेझिस्टर) पुरतात: आवाजाच्या तारेत १० किलोओमचा, आणि त्याच्या पुढे, माइकच्या बाजूला, तार आणि जमिनीच्या (ग्राउंडच्या तारेच्या) मध्ये १ किलोओमचा. अकराव्या हिश्शाएवढा आवाज पुढे जातो, म्हणजे सुमारे २१ डेसिबल कमी. स्टिरिओ असेल तर दोन्ही तारांना वेगवेगळा जोड. मी असा एक जोड तंबाखूच्या रिकाम्या पत्र्याच्या डबीत बसवलाय, दहा-पंधरा वर्षं चालतोय. डबी पत्र्याची का, तर पत्रा जमिनीला जोडला की बाहेरची गुणगुण आत येत नाही.

गुणगुणीवरून आठवलं. सगळं जुळलं तरी मागे एकसुरी हूंऽऽ असेल, तर ती ५० हर्ट्झची घरगुती विजेची गुणगुण आहे, दोन मशीनच्या जमिनी वेगवेगळ्या वाटेनं जोडल्या गेल्यात म्हणून. भरून घेणाऱ्या लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर भरा. दहातल्या आठ वेळा तिथंच बंद होते. नाही झाली तर बाजारात ग्राउंड लूप आयसोलेटर नावाचा छोटा तुकडा मिळतो, आत ट्रान्सफॉर्मर असतो, तो वायरच्या मध्ये लावायचा. काही शहाणे प्लगची जमिनीची पिनच मोडून टाकतात. गुणगुण जाते, आणि एखाद्या दिवशी माणूसही जातो. ते करू नका.

कानाला काय लावायचं

वाजवणाऱ्या डब्याच्या भोकाला वाय जोड लावून एक वायर लॅपटॉपला आणि एक आपल्या हेडफोनला, असं बरेच जण करतात. दिसायला सोपं. पण मग कानाला त्रास झाला की तुम्ही मुख्य आवाज कमी करता, आणि तिकडे रेकॉर्डिंगही कमी होतं. मध्येच वरखाली झालेलं रेकॉर्डिंग नंतर जुळवणं म्हणजे चादरीचे सुटलेले धागे मोजण्यातला प्रकार. ऐकायचंच तर भरून घेणाऱ्या लॅपटॉपच्या बाजूनं ऐका. जरा उशिरा ऐकू येतं, चालतं. त्या बाजूचा ऐकण्याचा आवाज कमी-जास्त केला तरी भरण्यावर परिणाम होत नाही.

ब्लूटूथ हेडफोन या कामात बाजूलाच ठेवा. तो जोडलेला असला की कॉम्प्युटर त्याचाच माइक धरतो आणि आवाज जुन्या टेलिफोनसारखा करून टाकतो.

अक्कांचं भजन भरायला मी रात्री अकराला बसलो. वायरीतून भरताना बाहेरच्या आवाजानं काही बिघडत नाही, पण दुपारी गिऱ्हाईक मध्येच येतं, कोण कुठली वायर ओढेल नेम नाही. दोन्ही मशीनचं झोपायला जाणं बंद केलं, नोटिफिकेशन बंद केले, नाहीतर भजनात टिंग वाजतं आणि ते कायमचं भजनाचंच होऊन जातं. प्रोजेक्टचा दर सेकंदाला ४४१०० नमुने ठेवला. एकदा दहा सेकंद, एकदा जयघोष, आणि मग सलग ४७ मिनिटं हात मांडीखाली. भरताना एकही पट्टी हलवायची नाही. मोह होतो. एखादी ओळ बारीक येते आणि हात जातो. जाऊ द्यायचा नाही, ते नंतर करता येतं.

नंतरचं काम थोडंच. डावीकडेच आवाज आला असेल तर ट्रॅकच्या नावावरून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करून रिकामी बाजू काढून टाका, मग दोन्ही कानांत येतो. सूंऽऽ काढायची असेल तर गाणं सुरू व्हायच्या आधीचा दोन सेकंदांचा नुसता सूंऽऽवाला तुकडा निवडून 'नॉइज रिडक्शन'ला नमुना द्या आणि ६ डेसिबलच काढा. १२, १८ काढायला गेलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. शेवटी 'नॉर्मलाइज', म्हणजे सगळ्यात उंच लाट उणे १ डेसिबलला नेऊन बाकी सगळं त्याच प्रमाणात मोठं करणं. हे सगळ्यात शेवटी, आधी नाही. मूळ फाइल वेव्हमध्ये दोन पेनड्राइव्हवर, मोबाइलवर पाठवायला एमपीथ्री वेगळी.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. खुर्चीत बसून हेडफोन लावून सगळी ४७ मिनिटं ऐकली, मी चहा सांगितला तो तसाच गार झाला. मध्ये एके ठिकाणी आवाज एकदम खाली जातो. गाता गाता वडील मान वळवून कुणाला तरी तेलुगूत सांगतात, सगळ्यांना चहा टाका म्हणून, आणि परत पद धरतात. त्यांना सांगितलं की एवढा तुकडा वेगळा निवडून मोठा करता येईल, किंवा कापून टाकला तर भजन सलग होईल.

"मोठा पण करू नका आणि कापू पण नका, अण्णा," म्हणाल्या. "ते आईला सांगतायत."

तो तसाच आहे, २३ मिनिटं ४० सेकंदांवर.